तात्यांच्या बोटीची सुट्टी

उजनीच्या पाण्याच्या दोन्ही काठांवर माझ्या चुलत्यांइतका संताप आणणारा माणूस दुसरा नसेल. हे लिहिताना जरा बिचकतोय, कारण आमच्यात थोरल्यांबद्दल असं लिहीत नाहीत. पण वर्षभर राग गिळून पाहिला, तो उतरला नाही.

तात्यांनी बैलजोडी विकून एक जुनी पत्र्याची मोटरबोट घेतली, पण बैल काही त्यांच्या डोक्यातून गेले नाहीत. बोटीच्या नाकाडावर त्यांनी लाल शिंगं रंगवली. इंजिन चालू करण्याआधी पत्र्यावर तीन थापा मारायच्या, तिच्यासमोर कुणी शिवी द्यायची नाही आणि दोन खेपांनंतर तिला विसावा. लहानपणी संध्याकाळी ते आम्हा पोरांना फिरवायला न्यायचे आणि मधोमध गेल्यावर इंजिन बंद करायचे. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "चरू दे की जरा तिला." आम्ही गार वाऱ्यात बसून तिचं चरून व्हायची वाट बघायचो. तेव्हा मजा वाटायची, हे कबूल करतो. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात, तसं तात्या इंजिन मळायचे. एकदा ते बंद पडलं. मेकॅनिकनं उघडून आत बोट घातलं, वास घेतला आणि विचारलं, "तात्या, ह्याला फोडणी कुणी दिली?"

इथपर्यंत हसू येतं. मागच्या बेंदराला माझा पेपर होता. आईच्या हट्टामुळे घरी आलो होतो. सकाळी पलीकडच्या काठाला उतरलो की हायवेवर सोलापूरची एसटी मिळते. सात वाजता बॅग घेऊन काठावर गेलो, तर बोट झूल पांघरून, गळ्यात हार घालून उभी.

"तात्या, पलीकडं सोडा. अकराला पेपर आहे."

"आज न्हाय. वर्षातनं एक दीस सुट्टी असती तिला."

"लोखंड आहे हो ते!"

"व्हय? मग लोखंडापुढं कशाला हात जोडतुयास?"

मी खरंच हात जोडले होते. शेवटी रस्त्यानं वळसा घालून, दोन गाड्या बदलून पोचलो, तोवर वर्गाचं दार बंद झालं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझा विषय राहिला तो एका बोटीच्या सणापायी! त्या दिवसापासून मी तात्यांशी बोललो नाही. दिवाळीत पाया पडलो, तेही जमिनीकडे बघून.

तो विषय नंतर सुटला. राग सुटला नाही.

यंदाच्या बेंदराला सकाळी मी सोलापुरात, सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या खोलीवर होतो. फोन वाजला. तात्या फोनवर पलीकडच्या काठाला हाक मारल्यासारखे ओरडतात.

"कुटं हायस? पेपर हाय का आज?"

"नाही."

"मंजी हिकडनं तिकडं जायाचं न्हाय तुला?"

"मी सोलापुरातच आहे, तात्या."

मागे इंजिनची धडधड ऐकू येत होती. बेंदराच्या दिवशी!

"न्हाय, पाटेपासनं चालू करून ठिवलंय. झूलबी घातली न्हाय. म्हनलं, पोरगं आलंच तर..." मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "मग सुट्टीला सोडू का आता तिला?"

वर्षभर पाठ केलेलं सगळं बोलायला हीच वेळ होती. मला एवढंच सुचलं, "सोडा. आणि हळद आत जाऊ देऊ नका."

फोन बंद करणं तात्यांना अजून जमत नाही. धडधड थांबलेली ऐकू आली. मग पत्र्यावर तीन थापा. मी फोन कानाला तसाच धरून बसलो.