गोफणीचा हात आणि मधला माणूस

नारायणगावच्या स्टँडवर मला सोडायला आले तेव्हा दादांनी माझ्या बॅगेत गोफण सरकवली. दादा म्हणजे माझे वडील. निरगुडसरला आमच्या घरात सगळे, अगदी वहिनीसुद्धा, त्यांना दादाच म्हणतात. "तिकडं बी पाखरं आसत्यालच की," ते म्हणाले. आई करवादली, "आवो, ती इमानानं चाललीय, राखणीला न्हाई!" मी हसले. एसटी हलली आणि मग खिडकीकडे तोंड करून पोटभर रडले.

नोकरी विस्कॉन्सिनमध्ये, दूध तपासायच्या लॅबमध्ये. गायी भरपूर, बोलायला माणसं नाहीत. आपल्याकडे शेअर जीपमध्ये टेकायच्या आत कोणीतरी विचारतं, "पावणं कुठलं?" इथे लोक गोड हसतात, थंडीबद्दल बोलतात आणि आपापल्या गाडीत बसतात. पहिला हिवाळा मी 'थँक यू'वर काढला. रविवारी घरी फोन करायचे, पण दादांना कमी ऐकू येतं. मग वहिनी फोन धरून माझं वाक्य त्यांच्या कानात ओरडणार आणि त्यांचं उत्तर मला सांगणार. मला त्याचा राग यायचा. बाप माझा, मधे ही कशाला?

बर्फ वितळल्यावर लॅबच्या बेसबॉल टीमला एक माणूस कमी पडला आणि मला ओढलं. मला वाटलं, क्रिकेटचाच चुलतभाऊ असेल. नवख्याला ठेवतात तसं मला लांब उजव्या कोपऱ्यात उभं केलं. पहिलाच चेंडू आला तो मी असा भिरकावला की सगळ्यांच्या डोक्यावरून गेला. टीमला शिकवणारा डेल, आमचा स्टोअरकीपर, टोपी काढून बघत राहिला. म्हणाला, फार सुंदर, आणि काही उपयोगाचा नाही.

तिथून मला त्या खेळाचं वेड लागलं. चेंडू लांब फेकायचं एवढं शास्त्र असेल हे कोणाला माहीत? बोटं शिवणीवर आडवी ठेवायची, म्हणजे चेंडू वाटेत वळत नाही. झेलतानाच पुढे चालत यायचं. मग एक छोटी उडी, तिचं नाव 'क्रो हॉप', कावळ्याची उडी! बालपण भुईमुगावरचे कावळे हाकलण्यात गेलं आणि आता मी त्यांचीच उडी शिकत होते. त्या उडीने जोर पायांतून येतो, खांदा वाचतो. गोफणीतही जोर कमरेतूनच येतो, त्यामुळे ते मला लगेच जमलं.

जमेना ते पुढचं. लांबून चेंडू थेट शेवटच्या ठाण्यावर, म्हणजे धावणारा जिथे पोचून धाव पुरी करतो तिथे, फेकायचा नसतो. मधे आपला एक खेळाडू हात वर करून उभा असतो, त्याला म्हणतात कटऑफ. चेंडू सरळ, उंच न उडवता, त्याच्या छातीपाशी टाकायचा, पुढचं तो बघतो. आमची कटऑफ होती मार्शा. ती समोर दिसली की माझा हात आपोआप वळायचा आणि चेंडू तिला टाळून जायचा.

कारण मला ठाऊक होतं. बाजरीच्या राखणीला माळ्यावर चढवताना दादांनी पहिली गोष्ट ती शिकवली होती, "माणूस हाय तिकडं दगड सोडायचा न्हाई. पाखराला बी लागला न्हाई पायजे, नुसतं भ्यालं पायजे." दगड उंच जायचा आणि पिकापलीकडे, रिकाम्या बांधावर पडायचा. हाताची ती सवय अशी कशी मोडणार?

शेवटच्या सामन्याला मला बाकावर बसवायचं डेलच्या मनात होतं. या देशात माझ्या नावाने कोणी हाक मारत असेल तर ती त्याच मैदानात. मी गोफण नेऊन त्याला दाखवली, दादांचा नियम सांगितला. त्याने दोऱ्या उलटसुलट करून पाहिल्या. म्हणाला, तुझ्या वडिलांचं बरोबर आहे, पण मार्शा पाखरू नाही. ती चेंडू मागतेय.

त्यावर मी कितीतरी विचार केला. मग रोज जेवणाच्या सुट्टीत मार्शा आणि मी पार्किंगमध्ये. ती हात वर करायची, मी तिच्या छातीकडे बघत फेकायचे. आधी दहा वेळा 'सॉरी' म्हणायचे. हळूहळू 'सॉरी' गळून पडलं.

डेलने शेवटी मला खेळवलं. एकच अवघड चेंडू आला, धावणारा शेवटच्या ठाण्याकडे सुटलेला. कावळ्याची उडी, उंच न उडवता सरळ फेक, मार्शा. तिने वळून पुढे टाकला आणि धावणारा बाद! टीमने माझ्या नावाचा गलका केला. चुकीचा उच्चार, पण नाव माझंच.

रविवारी हे सगळं घरी सांगितलं. वहिनी एकेक वाक्य ओरडून दादांना पोचवत होती. त्यांचे प्रश्न संपेनात. चेंडू दगडागत जड आसतो का? बायाबी खेळत्यात? शेवटी वहिनी म्हणाली, "ताई, दादा म्हणत्यात, मधी माणूस उभं आसलं तर लांबचं भ्या न्हाई. आन् हसत्यात माझ्याकडं बघून."

इतके महिने मी वहिनीच्या डोक्यावरून फेकत होते. तुम्ही जे तिकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, तुमच्याही मधे असं कोणीतरी फोन धरून उभं असेल. मला विचाराल तर माझं घर आता तिच्यापासून सुरू होतं.

"वैनी," मी म्हटलं, "आधी तू कशी हायेस ते सांग."