काचेच्या जिन्याखाली

कर्जत-खालापूर रस्त्यावरच्या आमच्या विद्यापीठात संगणकशास्त्राची नवी इमारत होणार, म्हणून मोठ्या हॉलमध्ये तिची प्रतिकृती मांडली. जेमतेम टेबलाएवढी, पण तोरा केवढा! भिंती काचेच्या, जिनाही काचेचा आणि जिन्याखाली कारंजं. वास्तुविशारद साहेब म्हणाले, "सगळ्यांचा विचार केलाय. सूचना बिनधास्त सांगा."

भीमाबाई हॉल पुसत होती. ती भिसेगावची. आमच्या विभागाची साफसफाई वर्षानुवर्षं तिच्याकडे आहे. मी तिथंच प्रयोगशाळेत मदतनीस. तिचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तिनं प्रतिकृतीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "सायब, आमी कुठं बसायचं?"

प्रश्न साधाच होता. जुन्या इमारतीत ती आणि डोंगरवाडीतून येणारी तिची जोडीदारीण आवडी जिन्याखाली जेवतात. साड्याही तिथंच बदलतात, एकीनं चादर धरायची. कॅन्टीनमध्ये घरचा डबा चालत नाही, आणि सुकटीच्या वासाची एका प्राध्यापकांनी लेखी तक्रार केलेली! हेच गृहस्थ रविवारी खानावळीत बोंबील चापतात. नव्या इमारतीत जिन्याखालची ती अंधारी जागाही गेली. सर्व्हरला थंडगार खोली, कुंड्यांना कोनाडे, आणि एवढी काच रोज पुसणाऱ्या बायकांना काहीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब हसले. "मावशी, ते नंतर बघू."

"बरं," भीमाबाई म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत दोघी डबे घेऊन हॉलमध्ये आल्या आणि प्रतिकृतीशेजारी गालिच्यावर बसल्या. सुकटीचा वास थेट कुलगुरूंच्या दारापर्यंत पोहोचला. कुलसचिव धावत आले. "इथं जेवायचं नाही!"

"मंग नकाशात आमची जागा दाखवा, लगेच उठतो."

कुणालाच दाखवता येईना. शेजारी आवडी शांतपणे कंटोळीची भाजी वाढून घेत होती.

आठवड्याभरात सुधारित नकाशा आला. त्यात खोली होती. तळघरात, जनरेटर आणि कचराकुंडीच्या मधोमध! बायका आता हात जोडतील, असं साहेबांना वाटलं असावं. भीमाबाईनं कागदावर वाकून नीट पाहिलं.

"हिला खिडकी कुठं हाय?"

"तुम्हाला खिडकी कशाला लागते?"

भीमाबाई आवडीकडं वळली. "डबे आण गं."

या वेळी मीही माझा डबा घेऊन गालिच्यावर जाऊन बसलो.