तोलायचं दादाचं, मोजायचं माझं

साखरेचं पाकीट काढायला मी स्टुलावर चढलो आणि अख्खी चळत घेऊनच खाली आलो. तीन पाकिटं फाटली. भाचा जिवंत आहे की नाही हे न बघताच धाकटे मामा ओरडले, "हात लावू नकोस! फाटलं ते दादाचं!"

त्यांना खूळ लागलं नव्हतं. त्या किराणा दुकानाचा तो कायदाच होता. आजोबांनी जाताना एका वाक्यात वाटणी करून टाकली होती, की जे तोलायचं ते थोरल्याचं आणि जे मोजायचं ते धाकट्याचं. दार एक, मधे भिंत नाही. डावीकडे तराजू, तांदूळ, डाळी, साखर आणि थोरले मामा. उजवीकडे काड्यापेट्या, साबण, बिस्किटं आणि धाकटे मामा. गिऱ्हाईक एका दुकानात शिरून दोन दुकानं करायचं. अक्रोड तोलायचे की मोजायचे यावरून तर भावाभावांत असा अबोला झाला, की शेवटी निकाल अळ्यांनी लावला.

मग पाकिटांचा जमाना आला. पाकीट कोणी तोलत नाही, मोजतात. तांदूळ गेले, डाळी गेल्या, मीठसुद्धा काउंटर ओलांडून धाकट्यांकडे गेलं. थोरले मामा दिवसभर रिकामा तराजू पुसत बसायचे. एक दिवस म्हणाले, "आता मी लेकीकडेच राहायला जातो."

धाकट्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "दादा, निम्मा माल तुझ्याकडे घे ना."

"बाबांचा शब्द मोडू? आणि तुझी भीक घेऊ?"

त्यांची पिशवी भरत आली होती, तेवढ्यात मी स्टुलावरून पडलो. फाटक्या पाकिटांत उरलेली साखर थोरल्यांनी ऐटीत तोलून विकली आणि "धांदरट!" असं आम्हा दोघांनाही म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तांदळाचं पाकीट फाटलेलं निघालं. मग डाळीचं. मामींनी सापळा लावला, पण उंदीर मोठा शिस्तीचा. तोलायच्या मालाचीच पाकिटं फोडायचा, शेजारच्या बिस्किटांना तोंड लावायचा नाही.

"तुला साधा उंदीर आवरत नाही!" थोरले गरजायचे.

"तुझ्याच तराजूखाली राहतो तो!"

"बघितलंस?" थोरले मला म्हणाले. "या येड्याच्या भरवशावर दुकान टाकून जाऊ कसा?" पिशवीतले कपडे परत कपाटात गेले.

एके सकाळी साबण आणायला मी दुकानात डोकावलो, तर धाकटे मामा मामींची कात्री घेऊन मिठाच्या पाकिटावर वाकलेले.

"अहो मामा, हे उद्योग करण्यापेक्षा सरळ दोघांचं दुकान एक करा ना!"

कात्री न थांबवता ते म्हणाले, "मग दिवसभर भांडू कोणाशी, तुझ्याशी?"