न उचलायचा फोन

वर्षालीवर मी आजवर एकदाच ओरडलो, तेही फोनवर. एरवी माझ्या ओरडण्यातून कुणी सुटत नाही. निघोज्यात रस्त्याला लागून माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि जयदीपच्या दुकानात आधी बोलणी मिळतात, मग खिळे, अशी गावात माझी कीर्ती आहे. ती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

वर्षाली थेरगावची. मूळची औशाकडची, वडील इकडे कंपनीत कामाला आले तेव्हा ही कडेवर होती. कॉलेज झाल्यावर ती एका बिल्डरच्या ऑफिसात बसून फ्लॅट विकायला फोन करायची. दिवसभर हिचं "सर, दोन मिनिटं बोलू का?" आणि दिवसभर पलीकडून शिव्या. काही वर्षं तिने ते काढलं, मग सोडलं आणि स्वतःचा धंदा सुरू केला. धंदा काय, तर आमच्यासारख्या छोट्या दुकानदारांची जाहिरात करायची. मोबाइलच्या नकाशात दुकान दिसेल असं करायचं, वेबसाइट काढून द्यायची, बोर्ड लिहून द्यायचा. यातलं तांत्रिक काम तिला ओ की ठो येत नाही. ते रहाटणीत घरी बसून प्रीतम नावाचा तिचा वर्गमित्र करतो. "दादा, तुम्ही दुकान बघा, कॉम्प्युटर प्रीतम बघेल, आणि तुमचं गिऱ्हाईक काय मनात घेऊन येतं ते मी बघते," असं तिने मला पहिल्या दिवशी सांगितलं. मला वाटलं, बोलायला बरी आहे, पैसे बुडणार.

मग ती माझ्या दुकानात रंगाच्या डब्यावर बसली. नुसती बसली. काही विचारेना, काही लिहून घेईना. मी दोनदा चहा पाजला, तिसऱ्यांदा विचारलं, "बाई, काम कधी सुरू करणार?" ती म्हणाली, "दादा, लोक दारातून परत का जातात माहितीये? त्यांना वस्तूचं नाव येत नाही. ते 'ते हे असतं ना' म्हणतात आणि तुम्ही 'हे म्हणजे काय?' असं खेकसता." मला राग आला. खरी गोष्ट सांगितली की मला राग येतोच. पण तिने बोर्डावर लिहून घेतलं: "नाव माहीत नसलं तरी चालेल. तुटलेला तुकडा घेऊन या." आज माझ्याकडे बायका नळाचे तुकडे पदरात बांधून आणतात, आयटीवाली पोरं दाराची कडी खिशातून काढतात. आणि मला खेकसायला जागाच उरलेली नाही, हे माझं वेगळंच दुःख.

तर अशी ही वर्षाली. माणसाची अडचण तिला त्याच्याआधी कळते. म्हणूनच मंजुळाबाईंच्या बाबतीत तिच्याकडून झालेली चूक तिला इतकी लागली.

मंजुळाबाईंची खानावळ माझ्या दुकानाशेजारी, माझ्याच शेडमध्ये. त्या अंबाजोगाईकडच्या. नवरा कंपनीत होता, तो गेला आणि बाईंनी चूल मांडली. जेवायला बहुतेक कंत्राटी कामगार पोरं, बीड, लातूर, परभणीकडची. अलीकडे एका कंपनीने काम कमी केलं आणि निम्मी पोरं गावाला गेली. उरलेल्यांवर गॅससुद्धा निघेना. गावाकडून भाऊ सारखा म्हणत होता, ये इकडे. भाऊ भला माणूस. पण भावजयीच्या स्वयंपाकघरात जाऊन कोपऱ्यात बसायचं म्हटलं की बाई विषयच बदलायच्या. त्या मला म्हणाल्या, "जयदीपभाऊ, दिवाळीपर्यंत बघते. नसता जाते मग. हात चालतेत तवर कुनाच्या ताटाखाली बसायचं जिवावर येतंय."

मीच वर्षालीला बोलावलं. ती आली, नेहमीसारखी बसली. पण बसली दुपारी, टेम्पोवाले जेवत असतात तेव्हा. बाई तव्यापाशी होत्या आणि त्यांचा फोन बाकड्यावर पडलेला. वर्षालीने तो उघडला आणि तिचे डोळेच विस्फारले. मिस्ड कॉल, मिस्ड कॉल, खाली खाली सगळे मिस्ड कॉल. रोजचे.

"मावशी, अहो केवढं गिऱ्हाईक हातचं जातंय! कुणी फोनच उचलत नाही!"

"मला कुठं येळ असतो बाई," मंजुळाबाई म्हणाल्या.

"आता फोनची काळजी तुम्ही करायची नाही. ते मी करते."

"कर माय. तुला जास्त कळतंय."

फ्लॅट विकायच्या नोकरीत वर्षालीच्या अंगात एक गोष्ट भिनली होती: वाजलेला फोन सोडायचा नाही. तिने प्रीतमला सांगितलं. प्रीतमने बाईंचा नंबर रहाटणीतल्या एका ऑफिसकडे वळवला, तिथे दोघी मुली बऱ्याच दुकानांचे फोन घेतात. शिवाय फोटो टाकले, नकाशात खानावळ दाखवली. नवीन माणसं विचारायलाही लागली, एखाददुसरं जेवायला आलं. वर्षाली खूश होती.

चार-पाच दिवसांनी सकाळी मी दुकान उघडायला आलो. तिसरी शिफ्ट सुटून कंपनीच्या बस जाऊन बराच वेळ झाला होता. एरवी यावेळी उरलेली पोरं तरी बाकड्यावर जेवत असतात. आज पीठ मळून झाकून ठेवलेलं, पिठल्यावर साय धरलेली, आणि मंजुळाबाई तव्यासमोर हात मांडीत घेऊन बसलेल्या.

"पोरं कुठं गेली?" मी विचारलं.

"काय की. फोनच वाजंना बघा."

"तुम्ही कुठं फोन घेता?"

"घ्यायचा नस्तोय तो," त्या म्हणाल्या. "बस गेटातून निगाली की लेकरं वाजवतेत आन् ठिवून देतेत. नाव दिसलं की मी त्याची भाकर टाकते. त्यो दारात यवस्तर गरम मिळती. दोनदा वाजला की संगं पाव्हना हाय. आता कुनीच वाजवंना. पलीकडं नवी मेस निगाली म्हनं, तिकडं गेले आसतील." जरा थांबून म्हणाल्या, "भावाला सांगितलंय, येते म्हनून."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी तिथूनच वर्षालीला फोन लावला.

"काय करून ठेवलंस, बाई?"

"का दादा? मी आत्ताच बघितलं, एक फोन सुटलेला नाही! सगळेच्या सगळे उचललेत!"

"अगं येडे, तो उचलायचा न्हवता!" मी इतक्या जोरात ओरडलो की समोरचा पंक्चरवाला उठून उभा राहिला. "त्यो वाजून बंद व्हायला पायजे व्हता!"

मग मी तिला सगळं सांगितलं. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दादा, मी दुपारी बसले. सकाळी बसायला हवं होतं." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघोज्याच्या चौकात माझ्याआधी हजर. थेरगावहून पहिली बस धरून आली असणार. नंबर मंजुळाबाईंकडे परत वळवला होता. प्रीतम म्हणाला होता की सगळ्यांना मेसेज पाठवू, एका बटणाचं काम आहे. ती म्हणाली, हे बटणाचं काम नाही. मी सोबत उभा राहिलो, कारण पोरगी एकटी आणि समोरून थकलेली, डोळे चोळत उतरणारी माणसं. खरं सांगायचं तर मला तिची दया येत होती आणि ती दाखवायची नव्हती.

बस आली. निळ्या शर्टातली पोरं उतरली. ही पुढे झाली आणि म्हणाली, "तुम्ही मंजुळामावशींकडे जेवायचात ना? त्यांचा फोन मी दुसरीकडे वळवला होता. मला तुमची पद्धत माहीत नव्हती. चूक माझी आहे, मावशींची नाही."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्यात समाधान नावाचा एक आहे, केजकडचा, बोलायला जरा पुढे. तो म्हणाला, "म्हंजी मावशीनं खानावळ इकली न्हाई?"

"विकली कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? फोन लावला तर कुनीतरी बाई म्हनती, 'नमस्कार, आपली काय सेवा करू?' आमच्या मावशीनं जल्मात कधी नमस्कार केला न्हाई. आमाला वाटलं इकली आन् गेली गावाला."

माझा पारा चढला. "अरे, मग येऊन विचारायचं! दोन मिनिटांवर शेड हाय. गिऱ्हाईक म्हणून तेवढं तर करता येतंय का न्हाई?"

समाधान माझ्याकडे वळला. रात्रभर मशीनवर उभं राहून त्याचे डोळे लाल झाले होते. "काय इचारायचं, दादा? जायच्या आधी तिनं सांगाया पायजे व्हतं," तो म्हणाला. "आमी काय गिऱ्हाईक हाव का?"

वर्षालीने तोंड फिरवलं आणि ओढणीने डोळे पुसले. मी आवाज खाली आणून म्हणालो, "चला, तिलाच इचारा."

मग आम्ही सगळे चालत शेडकडे निघालो. पोरं दारात दिसली तशा मंजुळाबाई उठल्या, पदर खोचला आणि पुन्हा बसल्या. काय करावं त्यांना सुचेना. "बसा की," त्या म्हणाल्या. बाकीचे बाकड्यावर बसले. समाधान उभाच.

"मावशे, आधी सांग," तो म्हणाला. "जायचं आसलं तर सांगून जाशील का न्हाई?"

बाईंनी पिठाचा गोळा हातात घेतला होता, तो परातीत ठेवला. मागच्या खोलीत त्यांची पेटी भरून तयार होती, हे फक्त मला ठाऊक होतं. पिठाचा गोळा पुन्हा उचलत त्या म्हणाल्या, "कुटं जाऊ रं मी मेल्या, तुमाला सोडून? बस खाली. भाकर टाकते."

त्या सकाळी भाकरी वाढायला वर्षाली होती. तिच्या हातून पिठलं सांडत होतं आणि पोरं तिला हसत होती.