डावी रेषा

आमच्या क्लबात टेनिसची कोर्टं तीन आहेत आणि कोनशिला पाच. पाचवी सगळ्यांत मोठी, कोर्टांचा पृष्ठभाग बदलला त्या वेळची. त्या दिवशी मांडव घातला होता, शाली होत्या, नारळ होते, आणि पांढरी टोपी घातलेल्या आमच्या अध्यक्षांचं भाषण इतकं लांबलं की पहिला चेंडू मारायला बोलावलेले पाहुणे तो न मारताच उपम्याकडे वळले. आता नाशिक टेनिसच्या नकाशावर आलं, असा भाषणाचा सारांश होता. नकाशा कोणता, हे कोणी विचारलं नाही.

त्याआधी आमची कोर्टं मातीची होती. रोज पाणी मारा, रोलर फिरवा, मोजे धुऊन धुऊन लाल करा, असा कारभार. पण मातीत एक सोय होती. चेंडू पडला की तिथे वण उठायचा. वाद झाला की एकाने जाऊन वणाशी बोट ठेवायचं, वाद संपला. नव्या निळ्या पृष्ठभागावर आमच्यासारख्यांच्या हळू चेंडूचा वण काही उठत नाही. तिथे फक्त जुना रिवाज उरतो: चेंडू ज्यांच्या बाजूला पडला त्यांनी सांगायचं, इन की आउट, आणि समोरच्यांनी ते मानायचं. शंका असेल तर पॉइंट समोरच्याला. पंच नसतो. पहाटे गुडघ्याला पट्टे बांधून येणाऱ्या निवृत्त माणसांना पंच कोण देणार?

माझे जोडीदार माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांची नोकरी भूमी अभिलेख खात्यात, जमिनीच्या मोजणीत गेली. दिंडोरी, निफाड, पेठ अशा तालुक्यांत भावाभावांच्या बांधांवर उभं राहून हद्द कुठे आहे हे सांगायचं, आणि ते ऐकून दोन्ही भावांच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. दोघंही शिव्या देत असतील तर मोजणी बरोबर झाली असं समजावं, असं ते म्हणत.

मी आयुष्यभर एका कॉलेजचं ग्रंथालय सांभाळलं. टेनिस मी पुस्तकांतून बरंच शिकलो होतो, त्यामुळे मला काही येत नव्हतं. साहेबांनी शिकवलं. "आपल्या वयात पॉइंट जिंकायचा नसतो रे," ते म्हणायचे, "समोरच्याला तो घालवायला पुरेसा वेळ द्यायचा असतो." डबल्समध्ये दोघांच्या मधोमध मार, दोघंही सभ्यपणे एकमेकांकडे बघत राहतात, आणि जोडी नवरा-बायकोची असेल तर पुढचे दोन पॉइंटही तुझेच. सकाळी ज्याच्या डोळ्यांवर ऊन येतं त्याच्या डोक्यावरून उंच लॉब दे. दुसरी सर्व्हिस कोपऱ्यात घालायला जाऊ नकोस, अंगावर टाक. पोट सुटलेल्या माणसाला स्वतःच्याच वाटेतून बाजूला होता येत नाही. आणि बोल. चेंडू रॅकेटवरून सुटताच 'माझा' नाहीतर 'तुमचा' असं ओरड. उशिरा दिलेली हाक म्हणजे शोकसंदेश.

ते डाव्या बाजूला खेळायचे, मी उजव्या. डावी रेषा त्यांची. मातीच्या काळात त्या रेषेवरून त्यांच्याशी वाद घालायचं कोणाच्या मनातही आलं नसतं.

गेल्या थंडीत त्यांचे निकाल चुकू लागले. रेषेच्या चांगले आत पडलेले चेंडू ते बोट वर करून आउट देऊ लागले. पहिल्यांदा मला वाटलं, मीच चुकीच्या जागी उभा आहे. नंतर समोरचे एकमेकांकडे बघू लागले. मग चहाच्या वेळी बाकावर बोलणं सुरू झालं, आणि आम्ही जवळ गेलो की ते थांबू लागलं. थांबलेलं बोलणं चालू बोलण्यापेक्षा स्पष्ट ऐकू येतं.

मला कारण कळलं ते कोर्टावर नाही, गाडीत. साहेब रोज सकाळी मला घरून घेत आणि खेळ झाला की परत सोडत. एका सकाळी गंगापूर रोडला डावीकडून एक भाजीचा टेम्पो आमच्या पुढ्यात आला. हळू येत होता, दिवे लावून, हॉर्न देत. साहेबांनी ब्रेक मारला तो मी ओरडल्यावर. नंतर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि काचेवरचं दव पुसायच्या फडक्याने बराच वेळ हात पुसले.

"दिसला नाही," ते म्हणाले.

"एवढा मोठा टेम्पो?"

"डावीकडचं मिटत चाललंय. डोळ्यात दाब वाढलाय म्हणतात. थेंब घालतो. गेलं ते येत नाही, आहे ते टिकवायचं."

"डॉक्टर गाडीचं काय म्हणाले?"

"मी गाडी चालवतो हे त्यांना सांगितलेलं नाही."

"आणि वहिनींना?"

त्यांनी फडक्याची घडी घालून ते समोर ठेवलं.

त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. आईबाबांनी तिकडे यावं म्हणून त्याने चौदाव्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली करून ठेवली आहे. तिचे फोटो साहेबांनी मला दाखवले होते, हॉस्पिटलचे दाखवावेत तसे. वहिनींचे गुडघे गेलेले. त्यांच्या बहिणी, त्यांचा भिशीचा गट, दिंडोरी रोडवरच्या प्लॉटातली त्यांनी लावलेली मोगऱ्याची रोपं, हे सगळं त्या गाडीच्या आधाराने चालू होतं. डोळ्यांचं मुलाला कळलं की गाडी जाणार, आणि गाडी गेली की नाशिक जाणार. हे गणित साहेबांनी मला एखादी हद्द समजावून सांगावी तसं सांगितलं.

"पण लोक तुम्हाला खोटं खेळता म्हणायला लागलेत," मी म्हणालो.

"म्हणू देत. खोट्या माणसाची गाडी कोणी काढून घेत नाही."

याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते टेम्पोएवढंच मोठं होतं. मी म्हणालो, प्रश्न गाडीतल्या तुम्हा दोघांचाच नाही, रस्त्यावर पोरं असतात. ते म्हणाले, क्लबाची स्पर्धा होऊ दे, मग बघू. मी म्हणालो, स्पर्धेचा आणि याचा काय संबंध? ते म्हणाले, काही नाही, पण माणसाला एक तारीख लागते. मी उद्यापासून तुम्हाला घ्यायला येतो म्हटलं, तर म्हणाले, तुझ्या स्कूटरवर मागे बसून जाताना मला बघितलं की ही विचारणारच.

शेवटी मी गाडीत त्यांच्या शेजारी बसून कोर्टावरच्यासारखं ओरडू लागलो. "डावीकडून रिक्षा. डावीकडे कुत्रं. डावीकडे शाळेची मुलं, थांबा." ते निमूट ऐकत. मी नसेन तेव्हा काय होत असेल, या विचाराने घरी माझं वाचायला घेतलेलं पान पुढे जाईना.

कोर्टावर उपाय सोपा होता. मी बाजू बदलल्या. साहेब उजवीकडे, मी डावीकडे. डावी रेषा माझी झाली, त्यांची उजवी रेषा त्यांना दिसत होती, आणि मधला चेंडू माझ्या फोरहँडला आला. पुस्तकात असंच असतं: मधला चेंडू ज्याचा फोरहँड त्याचा. लोकांना मी सांगितलं, नवीन डावपेच आहे. आम्ही जिंकायलाही लागलो, हे त्यातलं सगळ्यांत विचित्र.

पण बाकावरचं बोलणं मिटलं नव्हतं. अध्यक्षांनी एक शिस्त समिती नेमली. समितीत ते स्वतः होते, आणि त्यांच्याशी सहमत असणारे दोघे. स्पर्धेनंतर साहेबांना बोलावून समज द्यायची, नाहीच ऐकलं तर सकाळच्या गटातून नाव कमी करायचं, असं ठरल्याचं मला कळलं. मी अध्यक्षांना गाठून म्हणालो, साहेब खोटं बोलत नाहीत. "मग काय करतात?" त्यांनी विचारलं. खरं उत्तर देणं माझ्या हातात नव्हतं. मी गप्प राहिलो आणि माझ्या गप्प राहण्याची त्यांनी पुरावा म्हणून नोंद घेतली, असं त्यांच्या टोपीखालच्या चेहऱ्यावरून वाटलं.

हे मी साहेबांना सांगितलं. खोटा म्हणू देत म्हणणारा माणूस बराच वेळ रॅकेटच्या तारा सरळ करत बसला. म्हणायला सोपं असतं. ज्याच्या शब्दावर लोकांनी बांध घातले, त्याला एका रेषेवरून समज देणार होते.

त्यांनी काय ठरवलं ते मला स्पर्धेत समजलं. उपांत्य सामन्यात आमच्यासमोर खुद्द अध्यक्ष होते, आणि त्यांचे जोडीदार दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार, पहाटे बागेत फवारणी उरकून येणारे, सर्व्हिस जोरदार, बोलणं त्याहून. सुरुवातीलाच त्यांचा एक चेंडू उजव्या रेषेच्या जरा बाहेर पडला. साहेब म्हणाले, "इन." मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढे बेसलाइनबाहेरचा एक चेंडू, तोही इन. मग आणखी एक.

"साहेब आज दिलदार हायेत," बागायतदार म्हणाले. "आमची जमीन मोजताना नव्हते हो एवढे. चुलत्याच्या बाजूला हातभर गेली व्हती, लय बोललो होतो मी."

"ती त्याचीच होती," साहेब म्हणाले.

"ते आता पटतंय. तेव्हा नाय पटलं."

अध्यक्ष खुशीत होते. शिस्त समितीचा नुसता धाक किती कामाला आला, हे त्यांच्या चालण्यात दिसत होतं. मी साहेबांजवळ जाऊन हळूच म्हणालो, "तो बाहेर होता." ते म्हणाले, "शंका होती." मी म्हणालो, "कोणाला?" ते सर्व्हिस घ्यायला जागेवर गेले.

तरीही सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या सेटमध्ये एक पॉइंट असा आला की तो आमचा झाला तर आम्ही पुढे. मी जाळ्याशी होतो. ऊन माझ्या डोळ्यांवर, हे अध्यक्षांनाही कळत होतं; त्यांनी माझ्या डोक्यावरून लॉब टाकला. आम्हीच कधीतरी त्यांच्यावर वापरून त्यांना शिकवलेला. मी ओरडलो, "तुमचा," आणि साहेब मागून उजवीकडून डावीकडे धावले, जसं धावायचं तसंच. मी वळून बघितलं. चेंडू डाव्या रेषेच्या बाहेर पडला. बराच बाहेर, बाजूच्या बाकावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्यांपाशी. उडून कुंपणाच्या जाळीला लागला. साहेब थांबले, आवाज आला त्या दिशेला मान वळवली, आणि तळहात जमिनीकडे करून म्हणाले, "इन. सुंदर चेंडू."

बाकावर बसलेल्यांच्या पायाशीच तो पडला होता. एकाने पाय वर घेतले होते, ते तसेच राहिले. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या विरुद्ध खोटं बोलत नाही, आणि इतकं तर नाहीच. हे एकेकाला समजत गेलं ते मला दिसत होतं.

बागायतदार जाळ्याशी आले. आवाज खाली आला होता. "साहेब, बाहेर होता त्यो. पॉइंट तुमचा."

"मी इन दिलाय," साहेब म्हणाले.

"दिला असंल. पण नव्हता."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रिवाजाप्रमाणे आमच्या बाजूचा चेंडू, आमचा निकाल. आता मीच उरलो होतो. मी म्हणालो, "आउट होता, साहेब. लांब होता."

अध्यक्षांनी टोपी काढली. त्यांना या प्रसंगी काहीतरी बोलावंसं वाटत होतं, आणि पहिल्यांदाच त्यांना सुचत नव्हतं. "परत खेळू या," एवढंच म्हणाले. साहेबांनी नकारार्थी मान हलवली, रॅकेट कव्हरमध्ये घातली, चेन नीट बंद केली आणि सगळ्यांशी हात मिळवले. अध्यक्षांचा हात त्यांना नेमका सापडला नाही. अध्यक्षांनी आपला पुढे नेला.

गाडीपाशी आल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी उजव्या दाराने बसलो, ते डाव्या. वाटेत मी सवयीने एकदा म्हणालो, "डावीकडून रिक्षा," आणि मग माझ्याच लक्षात आलं, गाडी मी चालवत होतो. त्यांनी खिडकीची काच खाली घेतली.

वहिनी फाटकाशी होत्या. हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. दुपारी बहिणीकडे जायचं ठरलं असावं. साहेबांना डावीकडच्या दारातून उतरताना त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या किल्लीकडे. पिशवी त्यांनी फाटकाच्या खांबावर ठेवली.

"हरलात का?" त्यांनी विचारलं.

"हो," साहेब म्हणाले.