सॉसेज रोल आणि दहावा दिवस

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी आयुष्यभर खोटं बोलत राहीन. लोक विचारतात, तू लॅक्रॉसची कोच कशी काय झालीस? मी सांगते, क्लबने विचारलं, मी हो म्हटलं. असं काहीही झालेलं नाही!

आधी आमच्या कोचबद्दल. चोवीस वर्षांची किवी, म्हणजे इथली न्यूझीलंडचीच मुलगी, स्वतः भारी खेळायची, आणि संध्याकाळी आमच्यासारख्या नवशिक्या बायकांना शिकवायची. २०१५ ची गोष्ट. मी पुण्याहून नुकतीच आलेली स्टुडंट, फ्लॅट बुशला एका मोठ्या घरातल्या छोट्या रूममध्ये राहायचे. ग्राउंडच्या कडेने घरी चालले होते, तर ही हात हलवत धावत आली. त्यांच्याकडे अकरा जणी होत्या, बारावी हवी होती. मी म्हटलं मला खेळता येत नाही. ती म्हणाली, या अकरा जणींनाही येत नाही. आणि दिली माझ्या हातात काठी.

लॅक्रॉस म्हणजे लांब दांड्याला पुढे जाळी, त्यात बॉल घेऊन धावायचं आणि गोल मारायचा. बॉल पडू नये म्हणून धावताना काठी सतत झुलवायची. मला ते जमेचना, म्हणून मी तोंडाने 'जोजो, जोजो' करायला लागले, बाळाला करतात तसं. तिने विचारलं हे काय, मी सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून अख्खी टीम जोजो! मॅचमध्ये ती साइडलाइनवरून 'जोजो' ओरडायची आणि समोरच्यांना वाटायचं ही यांची सीक्रेट स्ट्रॅटेजी. स्ट्रॅटेजी वगैरे काही नव्हती. आम्ही हीप्स हरायचो, म्हणजे ढिगाने.

तिचा एक कडक नियम होता. जी उशिरा येईल तिने ग्राउंडला एक फेरी मारायची. सगळ्यात उशिरा रोज तीच. मग काय, भर जुलैच्या थंडीत, जँडल्स, म्हणजे रबरी चपला फटफटवत, एका हातात डेअरीवरून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलेला सॉसेज रोल, त्यातून सॉस गळतोय, आणि धावता धावता आमच्यावर ओरडणं चालू. बूट गाडीत कुठेतरी होते म्हणे. मला ते कधी दिसले नाहीत.

२०१७ च्या हिवाळ्यात एका बुधवारी ग्रुपवर मेसेज आला. मी 'प्रॅक्टिस कॅन्सल' एवढंच वाचलं आणि टाइप केलं, 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे 'एकदम मस्त', वर अंगठा. मग खालचं वाचलं. आमची कोच रात्री झोपली होती, सकाळी उठलीच नाही. हार्ट. तो अंगठा डिलीट करायला गेले आणि चुकून अजून एक अंगठा गेला.

फ्युनरल झालं. आम्ही सगळ्या जर्सी घालून गेलो, रडलो, मध्येच हसलो, परत रडलो.

आणि मग क्लबचा ईमेल. ती शनिवारी सकाळी छोट्या मुलींनाही शिकवायची, नऊ जणी होत्या. या शनिवारपर्यंत कुणी कोच मिळाली नाही तर त्यांची टीम या सीझनमधून काढावी लागेल. मी वाचला आणि फोन उलटा ठेवला. माझ्या जाळीतून दहातले सहा बॉल पडतात, मी काय शिकवणार?

पण मन लागेना. शुक्रवारी दहावा दिवस होता. आपल्याकडे कावळा शिवायला लागतो, फ्लॅट बुशला कावळा कुठून आणू? आईला फोन लावला. आई म्हणाली, तिथे जो पक्षी असेल तो चालेल, पण ठेवायचं मात्र तिला आवडायचं तेच.

टीममधली माझी नागपूरची मैत्रीण गाडी घेऊन आली. ती बुद्धिस्ट. आमच्यात हे असलं काही नसतं, मी फक्त राइड देतेय, असं तिने तीनदा सांगितलं. आणि मग प्लेट कुठे ठेवायची, सॉस किती घालायचा, सगळं तिनेच ठरवलं.

ठेवला सॉसेज रोल ग्राउंडच्या मधोमध. लांब जाऊन उभ्या राहिलो. आता बघा, इथे एक चिप पडली तरी चाळीस सीगल अंगावर येतात. पण एक जागचा हलेल तर शप्पथ! मी म्हटलं, हिची काहीतरी इच्छा राहिलीय. मग आम्ही वचनं द्यायला लागलो. वेळेवर येऊ. हरलो तरी भांडणार नाही. आमच्याकडे राहिलेला तुझा हूडी तुझ्या आईला परत देऊ. काही नाही. अर्धा तास.

शेवटी मैत्रीण म्हणाली, "ते ईमेलचं बोल ना."

"कुठला ईमेल?"

"अगं, मलाही आलाय. पण माझी शनिवारी ड्यूटी असते. तुझी नसते."

मी डोळे मिटले आणि बोलून टाकलं, की मुलींना मी शिकवेन. सीगल ढिम्म.

"तिला मराठी कुठे येतं?" मैत्रीण म्हणाली.

बाप रे! अर्धा तास आम्ही त्या बिचारीशी मराठीत बोलत होतो. मग मी इंग्लिशमध्ये सुरू केलं, की मुलींना मी घेईन, पण फक्त या महिन्यापुरतं. यातलं 'घेईन' झालं, 'पण' यायच्या आत नाल्याकडच्या गवतातून एक पुकेको निघाला. पुकेको म्हणजे निळी कोंबडी, चोच लाल, चाल अशी की जणू याचंच ग्राउंड. आला, अख्खा सॉसेज रोल उचलला आणि पळाला.

मी त्याच्यामागे धावले, 'फक्त या महिन्यापुरतं' असं इंग्लिशमध्ये ओरडत. तो गवतात गायब.

"झालं," मैत्रीण म्हणाली. "नंतरची कंडिशन धरत नाहीत."

"तुमच्यात तर हे नसतं ना?"

"तरी धरत नाहीत."

गाडीत बसून मी सॉसच्या हातांनी रिप्लाय टाइप केला. महिन्यापुरतं वगैरे काही लिहिलं नाही, कुणास ठाऊक का. सकाळी नऊ वाजता नऊ मुली काठ्या घेऊन माझ्याकडे बघत होत्या. आता हा तिसरा सीझन आहे.

तुम्हाला कधी कुठल्या पक्ष्याने असं कामाला लावलंय का? खरं सांगा हं, की मी एकटीच?