रिटेक नसलेला सिनेमा

आमच्या सिनेमावाल्या ग्रुपचे किस्से सांगायला बसलो की बायको आधी कुकर लावून येते. एक संपेस्तोवर मला दुसरा आठवतो, आणि तिला सगळे पाठ आहेत!

सत्तरच्या दशकात आम्ही काही पोरं धंदेवाईक सिनेमाला गाडायला निघालो होतो. सायकलवरून! सदा दिग्दर्शक, जुन्या बाजारातला चावीचा कॅमेराही त्याचाच. आवाज मी घ्यायचो. सदाचा नियम एकच, रिटेक नाही.

"अरे, फोकस गेला होता!" मी एकदा म्हटलं.

"जाऊ दे. आयुष्यात जात नाही?"

असला ठाम माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

*

आमचा हिरो मार्केट यार्डातले हमाल रसूलभाई. सदाने बजावलं, "अभिनय अजिबात करायचा नाही."

रसूलभाईंनी आम्ही आणलेलं भुशाचं पोतं दाबून पाहिलं. "मग यात कांदा भरा की! भुसा उचलून वाकायचं म्हणजे अभिनयच आला."

सदाने तिथल्या तिथे त्यांचे पाय धरले. अक्षरशः!

*

येरवड्याला तुरुंगाच्या भिंतीशी हवालदाराने हटकलं. "सिनेमा काय? हिरॉईन कुठाय?"

"नाही."

"गाणं? मारामारी?"

"नाही."

"मग काढा. गर्दी व्हायची भीती नाही!"

*

कोथरूडला एका गच्चीवर अर्धा सिनेमा दाखवला. चाळीस मिनिटांनी एक काकू म्हणाल्या, "अहो, छान आहे. पण सुरू कधी होणार?"

सदाने ते वहीत लिहून घेतलं, वर त्यांचे आभार मानले. मी थक्क!

*

पण कमाल शेवटच्या शॉटची. रसूलभाई ट्रकपासून गाळ्यापर्यंत पोतं नेणार, बस. लेन्सचं झाकण काढायचं काम माझं, आणि माइकच्या नादात मी ते काढलंच नाही! त्या कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी, त्यामुळे सदालाही कळलं नाही. फिल्म धुऊन आली ती काळीकुट्ट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सदा, कुठूनही फिल्म आणतो. रिटेक घे."

"नाही. आहे तेच पडद्यावर लागेल. पहिला खेळ हमालांना दाखवू. त्यांना खोटा वाटला, तर कॅमेरा विकून नोकरी बघतो."

तीन वर्षांची मेहनत, आणि माती केली मी!

मार्केट यार्डात पडदा बांधला. शेवटचा शॉट आला. समोर मिट्ट काळोख, नुसती पावलं आणि धापा. दिवे लागताच मी उभा राहिलो. "माफ करा, चूक माझी. इथे चित्र दिसायला हवं होतं..."

"कसली चूक?" पुढचा म्हातारा हमाल म्हणाला. "पाठीवर पोतं आसलं की आमाला आसंच दिसतंय. तुमी कवा उचललं हुतं?"